राहीची बाजू

किहीम,
मंगळवार, १८ फेब्रुवारी १९५८

प्रिय दत्तू,

रविवार, ९ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ही वेळ मी अंदाजानं लिहिलेली नाही. मुंबईच्या इस्पितळात मेट्रन म्हणून आयुष्य गेलं. रोगी दगावला की डॉक्टर आधी वेळ विचारायचे, कारण मागाहून. त्यामुळे काही बिनसलं की माझा हात आपोआप छातीवरच्या घड्याळाकडे जातो. त्या दिवशीही गेला. त्या मिनिटाला माझ्या ओटीवर जे झालं त्याबद्दल हे पत्र आहे. तू कोच मागितलास म्हणून आत्या रागावली, असं तुला वाटत असेल. त्याचा राग आहेच, पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिल्या नंबरच्या रागाकडे मी सावकाश येणार आहे, तेव्हा तू आधी नीट बसून घे. बसण्याच्या बाबतीत तू कधी मागे राहिलेला नाहीस.

आधी दुसऱ्या नंबरचा राग. तुझं कार्ड आलं, पाठोपाठ शनिवारी सकाळी भागोजी बैलगाडी घेऊन दारात उभा. गाडीत पेंढा अंथरलेला, वर सुंभाची दोरी. म्हणजे मी 'हो' म्हणण्याआधीच तू कोच बांधायची तयारी केली होतीस. कार्डात लिहितोस, साहेब सपत्नीक चहाला येणार आहेत, बढतीचा प्रश्न आहे, घरात धड बसायला काही नाही, 'आणि आईला तरी त्या कोचाचा काय उपयोग, ती खालीच बसते.' मी भागोजीला गाडी रिकामी परत न्यायला सांगितली. तो डोकं खाजवत म्हणाला, "बाई, मंग दत्तूशेटला सांगू काय?" मी म्हटलं, सांग की कोचाची एक बाजू मनूबाईची आहे आणि दुसरी बाजू जिची आहे तिला कोणी विचारलेलं नाही. तो म्हणाला, "येवढा मला पाठ न्हाय व्हायचा. तुमी च्या द्या, मी 'न्हाय' म्हनून सांगतो." तेव्हा त्यानं तुला 'न्हाय' एवढंच सांगितलं असेल तर तो त्याचा उद्धटपणा समजू नकोस. बाकीचं मी इथे लिहिते आहे.

नोव्हेंबरात हा कोच घरी आला तेव्हाचं तुझं पत्र मला आठवतं. 'आत्या, गाईचं कातडं घरात, तेही देवांच्या खोलीला लागून? लोक काय म्हणतील?' तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं, आता देते. पालीला बल्लाळेश्वराच्या दारात तू हात जोडून उभा असतोस तेव्हा वाजणारा नगारा रबराचा असतो का? तुझे सासरे ज्या मृगाजिनावर जपाला बसतात ते काय झाडाला लागतं? आणि नोव्हेंबरात जे विटाळाचं कातडं होतं ते साहेब येणार म्हटल्यावर फेब्रुवारीत फर्निचर कसं झालं? तुळशीला विचार. तुझी बायको तुझ्यापेक्षा शहाणी आहे, ती तरी हसेल.

तो कोच आम्ही कसा निवडला हे तू कधी विचारलं नाहीस. 'आम्ही' लिहिलं आहे, नीट वाच. तुझी आई, राही, माझ्याकडे राहायला आल्यापासून मी बघत होते. माझी वेताची खुर्ची, आणि तिचं खाली भिंतीला टेकून बसणं. मी बोलायची ते वरून खाली जायचं, ती बोलायची ते खालून वर यायचं. मान दुखायची, तिचीही आणि माझीही. मी दुसरी खुर्ची आणली तर तिनं तिच्यावर पापडाचं ताट ठेवलं. तेव्हा मी ठरवलं की असं काही आणायचं ज्यावर एकटीनं बसणंच विचित्र दिसेल.

साहेब लोक गेले त्या वर्षापासून मुंबईत त्यांच्या सामानानं गोदामं भरलेली आहेत. भायखळ्याच्या पुढे तसल्या एका गोदामात मी तिला घेऊन गेले. मालक गुजराती, बोलण्यात अर्धं मराठी. "बाई, आ तो लव्ह सीट छे," म्हणाला, "साहेबलोकनी. अस्सल चामडा." राहीनं मला पदराला धरून विचारलं, वन्सं, ह्यो काय बोलतो? मी म्हटलं, दोघांनी बसायची बैठक. मालकानं लगेच भर घातली, "नवरा-बायकोनी." राहीचा चेहरा पडला. "मंग आपल्याला कसा देतील?" तिला खरंच वाटलं की जोडप्यालाच विकतात, तिथे काही दाखला मागतात. मी हसले, मालकही हसला, आणि ती हसली नाही. ते मला मागाहून जाणवलं.

तीन कोच होते. पहिला हिरवा, चकचकीत. मी त्याची पाठ उलटी करून पाहिली. मूळचं कातडं फाटलेलं आणि वरून रेक्झिन चढवलेलं. बँडेज बदलायचा कंटाळा आला की नवशिकी नर्स जुन्यावरच नवं गुंडाळते, तसं. दुसऱ्याला पितळी चाकं होती, तोरा मोठा, पण शिवणीत ढेकणांचे डाग. वॉर्डातल्या गाद्या तपासून तपासून मला ती नजर आहे. तिसरा काळपट तपकिरी, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. कातड्याला बारीक भेगा, पण ते मऊ, वाळकं नाही. आत घोड्याचे केस भरलेले, लाकूड सागवानी. फक्त एक होतं. त्याची डावी बाजू बसून बसून खोल गेली होती आणि उजवी अगदी ताठ, कोरी. मला ते खटकलं. मी मालकाला म्हटलं, हा तर वाकडा झालाय. तो म्हणाला की ज्याचा होता तो साहेब एकटा राहायचा, रोज त्याच जागी बसून पेपर वाचायचा. राही हे सगळं ऐकत होती. ती पुढे झाली, उजव्या बाजूवर तिनं तळहात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि म्हणाली, "ह्या बाजूला कोनी बसलाच न्हाय? येवढ्या वर्सांत?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्योच घ्या, वन्सं."

दत्तू, तुझ्या आईनं तिच्या जन्मात स्वतः निवडलेली ही पहिली वस्तू. लुगडी तिला आलेली आहेत, भांडी मिळालेली आहेत, नवरा ठरवून दिलेला आहे. निवडला तो हा कोच.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचवर तो चढवला. चार हमाल आणि चाळीस सल्लागार. लाँच सुटल्यावर मी माझ्या बाजूला बसले आणि राहीला बस म्हटलं. इतक्या लोकांसमोर ती कसली बसते. कोचाशेजारी खांब धरून उभी राहिली. तेवढ्यात एक कोळीण आली, टोपली रिकामी, ओचे आवळलेले, राहीला विचारलं, "रिकामी हाय ना?" आणि उत्तराची वाट न बघता ऐसपैस बसली. मग वर राहीकडे बघून म्हणाली, "बये, जागा बसायला असते, राखायला न्हाय." अर्ध्या वाटेत ती झोपलीही. कोचाला आलेला मासळीचा वास जाईपर्यंत राही रोज सकाळी ती बाजू ओल्या फडक्यानं पुसायची आणि स्वतःशी हसायची. मला वाटतं त्या कोळणीचा तिला हेवा वाटला होता.

कोच ओटीवर लागला आणि आळीतल्या बाया बघायला लोटल्या. आमच्या शेजारची सोनूबाई तुला माहीत आहे, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "राहीनं ऐन वयात पाट न्हाय लावला, आता म्हातारपनी कोच लावला." सगळ्या हसल्या. राहीसुद्धा हसली, तोंडावर पदर न घेता. आपल्यात पाट लावणं म्हणजे विधवेनं दुसऱ्याचं घर करणं, हे तुला माहीत आहे. पण त्या चेष्टेत खरं किती होतं हे तुला माहीत नाही, आणि ती तुला कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

माझा भाऊ विषमज्वरानं गेला तेव्हा तू तीन वर्षांचा होतास आणि राही जेमतेम बावीसची. वर्षाच्या आत नागोठण्याहून मागणी आली. काळूराम नाव, बिजवर, भाताची शेती आणि खाडीत स्वतःची होडी. मी त्याला पाहिलं आहे. बरा माणूस होता, हळू बोलायचा. तुझ्या आजोबांनी रुकार दिला. मी मुंबईहून रजा काढून आले होते, मीही हो म्हटलं. रीत अशी की पाट लावून जाणाऱ्या बाईनं पहिल्या घरचं मूल पहिल्या घरी सोडायचं. सगळी बोलणी झाली आणि राहीनं दारामागून एकच प्रश्न विचारला: "दत्तू कोनाजवल झोपंल?" पुरुषांना तो प्रश्न कळलाच नाही. आजोबा म्हणाले, झोपेल की, एवढं घर आहे. तिनं परत काही विचारलं नाही, आणि मागणीही परत पाठवायला लावली. तेव्हापासून ती त्याच घरात विधवा सून म्हणून भिंतीला टेकून खाली बसते. 'ती खालीच बसते' असं तू कार्डावर लिहिलंस ना, ते का बसते याचं कारण तू आहेस. मी तुला दोष देत नाही, तू तीन वर्षांचा होतास. आता चौतीसचा आहेस.

कोच घरी आल्यावरही ती लगेच बसली असं समजू नकोस. आधी बरेच दिवस खालीच बसली, फक्त भिंतीऐवजी कोचाच्या पायाला टेकून. मग एकदा मला ताप आला तेव्हा माझ्या कपाळावर पट्टी ठेवायला म्हणून कडेवर टेकली. ताप उतरल्यावरही मी दोन दिवस कण्हत राहिले, कारण मला कळलं होतं की मी बरी झाले की ती उतरणार. मग मी बसल्या बसल्या तिला अक्षरं शिकवायला घेतली. पाटी दोघींच्या मांडीवर ठेवायची तर दोघींना एका उंचीवर बसावंच लागतं. पाटी हा माझा कावा होता. हळूहळू ती कडेवरून मागे सरकत गेली. तिचं ध्यान अक्षरांत असायचं आणि माझं तिच्या पाठीत. तिची पाठ कोचाच्या पाठीला लागेपर्यंत संक्रांत उलटून गेली.

आणि मग तो रविवार. दुपारी राही त्या उजव्या बाजूवर मांडी घालून बसली होती, अगदी मागे रेलून. मांडीवर सूप, सुपात वालाच्या शेंगा. मी तिला इस्पितळातल्या एका कर्नलसाहेबाची गोष्ट सांगत होते, जो इंजेक्शनची सुई बघून पलंगाखाली शिरला होता. ती शेंगा सोलता सोलता इतकी हसली की डोळे पुसायला तिला हात सापडेना. त्या उजव्या बाजूला थोडा खळगा पडायला लागला होता. हे मी त्याच दिवशी सकाळी पाहिलं होतं, आणि तिला न सांगता मला आनंद झाला होता.

तेवढ्यात तू आलास. फाटक वाजलं, तुझे बूट वाजले, आणि राही उठली. उठली म्हणजे दचकून, चोरी पकडल्यासारखी. सूप पालथं झालं, दाणे ओटीभर. तू म्हणालास, "अरे वा आत्या, झकास आहे की कोच," आणि तिच्या जागेवर बसलास. ती जागा अजून गरम असेल. तू पायावर पाय टाकलास आणि बढतीचं सांगायला लागलास, आणि तुझी आई खाली बसून तुझ्या बुटांभोवतीचे वाल वेचत होती. एक दाणा तुझ्या टाचेखाली होता. तू पाय उचलेपर्यंत ती थांबली. तू उचललास, पण बोलणं थांबवलं नाहीस. मी घड्याळ बघितलं ते तेव्हा.

तू म्हणशील, आत्या, आई तर नेहमीच उठते, मी तिला उठ म्हटलं नव्हतं. खरं आहे, म्हटलं नव्हतंस. उठण्यातलं मला थोडंफार कळतं, ते ऐक. माझी आई गेल्यावर बाबांच्या साहेबाच्या मडमेनं मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. तिथे मदर सुपीरियर वर्गात आल्या की आम्ही साठ मुली एकदम उभ्या राहायचो. पुढे इस्पितळात सर्जन राउंडला आले की मी उभी राहायची, आणि मी आले की नर्सेस उभ्या राहायच्या. उठण्यात कमीपणा नाही. पण मदर दारातून आत येतायेताच म्हणायच्या, बसा. त्यांनी एकदा एका नव्या सिस्टरला आमच्यादेखत सांगितलं होतं की मुलींना उभं करून बसा म्हणायला विसरलीस तर ती शिस्त नाही, ती शिक्षा. उठायचं काम एकाचं, आणि 'बस' म्हणायचं काम दुसऱ्याचं. तुझ्या आईनं तिचं काम एकतीस वर्षं केलं. दिरांसमोर केलं, सासऱ्यासमोर केलं, तुला मिशा फुटल्यापासून तुझ्यासमोर केलं. तुझं काम तू एकदाही केलेलं नाहीस. हा पहिल्या नंबरचा राग.

त्या दिवसापासून ती खाली बसते. कोचावर तिनं जुनी गोधडी पसरली आहे, दोन्ही बाजूंवर, म्हणजे मीही बसू नये. मी गोधडी काढते, ती परत घालते. आमचं भांडण चालू आहे आणि ते मी जिंकेन असं नाही, कारण ती भांडतच नाही. काल म्हणाली, "वन्सं, दत्तूला हवा तर देऊन टाका. त्याचा सायेब बसंल तरी." मी विचारलं, आणि तू? तर म्हणाली, "मी बसले की. बसून झाला माजा." दत्तू, मी पुष्कळ माणसांना मरताना पाहिलं आहे आणि मला सहसा रडू येत नाही. काल मी मागच्या वाडीत जाऊन माडांना पाणी घातलं, गरज नसताना.

तेव्हा आता माझी मागणी. कोच तुला मिळणार नाही. तुझ्या साहेबांना वेताच्या खुर्च्या दे, कोणी मरत नाही. तुझी माफी मला नको. माझ्या नावावर पत्र पाठवलंस तर ते न फोडता परत येईल. पत्र तुझ्या आईच्या नावावर पाहिजे, तुझ्या हस्ताक्षरात, पाकिटावर 'श्रीमती राहीबाई' असं लिहिलेलं. तिच्या नावानं आजवर एकही पत्र आलेलं नाही, म्हणून पोस्टमनला मी आधीच सांगून ठेवलं आहे की चुकून मला देऊ नकोस. ते तिला मी वाचून दाखवणार नाही. ते तिनं स्वतः वाचायचं आहे, आणि त्यात एक अडचण आहे. तिचं शिक्षण अजून काना-मात्रेपर्यंत पोचलेलं नाही. साधी दोन अक्षरं जोडली तर ती बोट ठेवून वाचते. घर, नथ, मठ. म्हणून खुशाली, नमस्कार, बढती, हवामान, यातलं काही लिहू नकोस. ते तिला वाचता येणार नाही आणि ती कोणाला विचारणार नाही. मोठ्या अक्षरात दोनच अक्षरं लिही, ज्यांना काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही: बस. होळीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी चार मार्चला, पोस्टमन फाटकाशी येईल तेव्हा ते पाकीट त्याच्या पिशवीत असलं पाहिजे. मी कोचाच्या डाव्या बाजूवर वाट बघत असेन.

तुला खांद्यावर घेऊन पालीची जत्रा दाखवलेली,
तुझीच
मनूआत्या